शेजारच्या नावेचा दोर

उजनीचं पाणी चढलं की आमच्या गावाचा जुना रस्ता त्यात जातो, आणि उतरलं की हळूहळू वर येतो. या रस्त्याचं पाण्यात शिरणारं टोक म्हणजे आमचा धक्का. पायऱ्या, कठडा, पाटी असलं काही नाही. डांबर उखडलेला उतार, कडेला लावलेल्या मोटारसायकली, चहाची एक टपरी आणि बांधलेल्या नावा. थंडी पडली की रोहित पक्षी येतात, त्यांच्या मागोमाग बघणारे येतात, आणि उन्हाळा संपेपर्यंत या उताराला बरे दिवस असतात.

मी जन्मानं नावाडी नाही. सोलापुरात डिझेल पंप दुरुस्तीच्या दुकानात माझं आयुष्य गेलं. दिवसभर इंजिनं चालू करून ऐकायची, म्हणजे दिवसभर आवाज. ते काम झेपेनासं झालं तेव्हा बायकोच्या माहेरगावी येऊन राहिलो, फायबरची एक जुनी नाव घेतली आणि पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवू लागलो. आता नाव दुसरा चालवतो, मी बहुतेक काठावर बसतो.

जे सांगायचं आहे ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. आमच्या धक्क्यावर दोन भाऊ एक नाव चालवायचे. त्यातला धाकटा गेली कित्येक वर्षं खोटं बोलणारा म्हणून ओळखला गेला आणि त्यापायी घराला मुकला. तो खरं बोलला होता. खोटं मी बोललो होतो.

धक्क्यावर राहायच्या काही रीती आहेत. दुसऱ्याच्या नावेतून पलीकडं जायचं असेल तर चप्पल हातात घ्यायची आणि तोंडाकडून जायचं. मागच्या बाजूला इंजिन असतं आणि माणसाचा जेवणाचा डबा असतो. बांधलेल्या नावांजवळून जाताना इंजिन मंद ठेवायचं, लाट उठवायची नाही. या रीती कधी पाळल्या जातात, कधी नाही. पण दोराची रीत कुणी मोडलेली मी पाहिली नव्हती. धरणातून कालव्याला पाणी सोडलं की फुगवट्याचं पाणी रोज थोडं थोडं खाली जातं. नाव आखूड बांधलेली असेल तर पाणी खाली जातं आणि नाव दोराला लोंबकळते. म्हणून सकाळी जो पहिला धक्क्यावर येईल त्यानं सगळ्यांचे दोर बघायचे आणि लागेल तेवढे सैल करायचे. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याचाही. त्याबद्दल कुणी आभार मानत नाही, कुणी सांगतही नाही. बहुतेक दिवशी पहिला येणारा मीच असे.

उताराच्या एका अंगाला जुन्या पुलाची दगडी भिंत उभी आहे. भिंत आणि उतार यांच्यामध्ये एक चिंचोळी जागा आहे, एकामागं एक दोन नावा राहतील एवढी. वाऱ्यापासून आडोसा म्हणून ती जागा चांगली. आत माझी नाव असे, तोंडाशी त्या दोन भावांची. त्यांची नाव पत्र्याची, मोठी, वर रंगीत कापडाचं छत. छताखाली कमरेएवढ्या उंचीचा स्पीकर.

थोरला धक्क्यावर पाऊल टाकायचा तोच गाणं लावायचा. गिऱ्हाईक असो नसो. दगडी भिंतीवर आदळून तो आवाज माझ्या नावेत यायचा आणि तिथंच फिरत राहायचा. शिवाय गिऱ्हाईक दिसलं की तो इंजिन चालू करून ठेवायचा, म्हणजे आपली नाव सुटायच्या बेतात आहे असं वाटून माणसं भरभर चढतात. तो धूरही माझ्याकडं यायचा. मला बाहेर पडायचं तर त्याची नाव सरकल्याशिवाय वाट नव्हती. माझ्या नावेत कॅमेरे घेऊन बसलेली माणसं, बाहेर पाण्यावर पक्षी, आणि मध्ये ते छत आणि ते गाणं.

मी सांगून पाहिलं.

"अरे, निदान भिंतीच्या आत तरी बंद ठेव. पुढं गेल्यावर लाव."

"काका, तुमचं गिऱ्हाईक मुकं, आमचं नाचरं," तो म्हणाला. "गाणं न्हाय म्हटल्यावर माणूस चढतंय व्हय?"

"पक्षी उडून जातात."

"जातील कुटं? पाणी काय थोडं हाय?"

टपरीवर बसलेले हसले. मीही हसलो, कारण हसलो नसतो तर आणखी हसले असते.

धाकटा वेगळा होता. आवाजानं मी कपाळाला हात लावलेला दिसला की तो वाकून हळूच स्पीकरचं बटण मागं फिरवायचा. थोरला पुन्हा पुढं फिरवायचा. एकदा धाकटा माझ्या नावेत येऊन म्हणाला, "काका, दादाला मी सांगतो की. पर त्यो लई हट्टी हाय, जरा येळ द्या." त्यानं सांगितलंही असावं, कारण चारेक दिवस शांततेत गेले. मग बार्शीकडचं एक मोठं कुटुंब आलं, त्यांनी गाणं मागितलं आणि पुन्हा सुरू झालं.

माझं नुकसान फार होत होतं असं नाही. नेहमीची माणसं यायचीच. पण सकाळी घरातून निघताना छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं व्हायचं. सोलापूर सोडून ज्यासाठी इथं आलो ते मला रोज दिसत होतं आणि मिळत नव्हतं. जागा बदलावी तर उघड्यावर वाऱ्यात नाव आपटते. भांडावं तर धक्का त्यांचा, गाव त्यांचं. मी जावई, तोही म्हातारा. बायको म्हणायची, "कापूस घाला कानात." घातला. मग गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू येईना.

एका उन्हाळ्याच्या तोंडाशी थोरला बायको-मुलीला घेऊन नातेपुत्याला लग्नाला गेला. नाव धाकट्यावर सोपवून गेला. त्याच दिवशी दुपारी मी माझ्या इंजिनाचा प्लग काढून पुसत बसलो होतो, तेव्हा धाकटा भिंतीवरून वाकला.

"काका, वैरागवरनं फोन आलाय. सासऱ्याला दवाखान्यात न्यायचं हाय, मला निघावं लागतंय."

"मग जा."

"नावेकडं तेवढं बघताय न्हवं? पाणी सोडलंय म्हणत्यात."

"जा तू. बघतो."

तो गेला. दुसऱ्या सकाळी मी नेहमीप्रमाणं पहिला आलो. इतकी शांतता मी त्या जागेत अनुभवली नव्हती. पाण्याचा भिंतीला लागून होणारा बारीक आवाज येत होता. मी माझा दोर सैल केला. मग भिंतीवरून चालत त्यांच्या नावेपाशी गेलो. तोंडाकडचा दोर वरच्या लोखंडी कडीला आखूड बांधलेला होता, ताणलेला होता. मी खाली बसलो, गाठीला हात लावला. आणि उठलो.

त्या वेळी मनात काय होतं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. नाव बुडावी असं नव्हतं. थोडी अडकावी, थोरल्याची एक-दोन गिऱ्हाइकं जावीत, नाव सोडवायला त्यानं घाम गाळावा, आणि तेवढे दिवस मला हे ऐकू येत राहावं, पाण्याचं. एवढंच. पण गाठ हातात होती आणि मी ती सोडली नाही, हेही तेवढंच खरं.

त्याच्या पुढच्या सकाळी त्यांच्या नावेचं तोंड वर उचललेलं दिसलं. मागची बाजू, जिथं इंजिनाचं वजन, तिचा काठ पाण्याला टेकला होता. आता दोर सोडायचा तर दोघं लागले असते, एकट्याला गाठ सुटली नसती. टपरीवर माणसं होती. हाक मारायची होती. हाक मारली तर कालच का नाही पाहिलं असं कुणी विचारलं असतं. मी घरी गेलो, भाकरी खाल्ली, आडवा झालो. दुपारी वारा सुटला. मी परत आलो तेव्हा छताचं रंगीत कापड तेवढं पाण्यावर होतं.

निरोप गेले. थोरला नातेपुत्याहून आला, धाकटा वैरागहून. धक्क्यावर गाव जमलं. थोरला पाण्यात कमरेइतका उभा होता, छताच्या लोखंडी नळीला धरून. त्यानं भावाला काही शिवी दिली नाही. एवढंच विचारलं, "दोर का न्हाय बघितला?"

"मी काकांना सांगून गेलतो," धाकटा म्हणाला.

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. थोरल्यानंही. "काका?"

मी म्हणालो, "मला नाही सांगितलं." तेवढ्यावर थांबलो असतो तर कदाचित कुणी पुढं विचारलं असतं. पण मी आणखी म्हणालो, "सांगितलं असतं तर दोर सोडला नसता का? रोज सगळ्यांचे मीच सोडतो."

ते खरंच होतं, सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळंच पहिलं वाक्यही खरं ठरलं.

धाकटा माझ्याकडं बघत राहिला. रागानं नाही, मला विसर पडला असेल आणि आत्ता आठवेल, असं वाटत असल्यासारखा. "काका," तो म्हणाला, "तुमी प्लग पुसत हुता की."

कुणी ऐकलं नाही. थोरला पाण्यातून बाहेर आला आणि भावाच्या शेजारून निघून गेला.

नाव बुडाली ती त्या चिंचोळ्या जागेच्या तोंडातच. म्हणजे माझी नाव आत कोंडली गेली. पत्र्याची नाव चिखलात रुतलेली, ट्रॅक्टर आणायचा तर उताराला अजून ओल. पाणी रोज खाली जात होतं. मी रोज माझा दोर सैल करत होतो, आणि एक दिवस सैल करायला काही उरलं नाही. माझी नावही चिखलात बसली. त्या दिवसांत मी सकाळी जाऊन नावेत बसायचो. धंदा नव्हता, आवाज नव्हता. लांबवर पक्षी रांगेनं उभे असायचे, अगदी मला पाहिजे होतं तसे. आणि मला उठून जाताही येत नव्हतं, कारण थोरला रोज बादली घेऊन यायचा, चिखल उपसायचा, आणि दमला की माझ्या नावेत येऊन माझ्या थर्मासमधला चहा प्यायचा.

"काका, मी तुमाला लई तरास दिला," तो म्हणायचा. "आता बघा, माझ्यापायी तुमची बी नाव अडकली."

मी चहा ओतायचो.

धाकट्याला त्यानं घराबाहेर काढलं नाही. पण नाव गेल्याचं तो सोसू शकला असता, तोंडावर खोटं बोलल्याचं सोसत नव्हता. तो भावाशी बोलेना. पंगतीला शेजारी बसेना. महिना-दीड महिन्यात धाकटा बायकोला घेऊन सांगोल्याला गेला आणि पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर झाला. त्यानंतर तो धक्क्यावर आला नाही. गावात एखादा थापा मारू लागला की पोरं म्हणायची, "सांगोल्याला जा की टँकरवर."

ट्रॅक्टरनं नाव बाहेर काढली, पण इंजिन गेलं होतं, पत्राही फाटला होता. पुढच्या थंडीत थोरला माझ्याकडं आला आणि मी त्याला माझ्या नावेवर घेतलं. लोकांनी माझं कौतुक केलं. एवढा त्रास दिला त्यानं, तरी काकांनी पोटाशी धरलं, असं म्हणाले. तो चांगला नावाडी होता. माझ्या गिऱ्हाइकांपुढं हळू बोलायला शिकला, पक्ष्यांची नावं शिकला, लांबूनच इंजिन बंद करून वल्ह्यानं जवळ न्यायला शिकला. मला हवा होता तसा शेजार मिळाला होता, आणि तो माझ्याच नावेत माझ्यासमोर बसलेला होता. चारी बाजूंना पाणी. गिऱ्हाईक नसलेल्या दिवशी आम्ही दोघंच. तो मधूनच भावाचा विषय काढायचा. मी पाण्याकडं बघायचो. नावेतून माणूस उठून कुठं जाणार?

सुरुवातीला मला वाटायचं, योग्य वेळ आली की सांगू. मग तो माझ्याकडं कामाला लागला, तेव्हा वाटलं, आता सांगितलं तर कामही सोडेल, मग त्याच्या घरानं खायचं काय? मग माझी बायको आजारी पडली. तिच्या शेवटच्या दिवसांत थोरला आणि त्याची बायको आमच्या घरी राबली. त्यानंतर तर सांगण्याची वेळ आली आणि गेली असंच मी धरून चाललो. दर वर्षी न सांगण्याला एक नवं कारण मिळत गेलं आणि प्रत्येक कारण आधीच्यापेक्षा चांगलं होतं.

दोघा भावांची आई थोरल्याकडं असते. एकदा मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो, ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "त्यो ल्हानपणी मार खायचा, पर खोटं न्हाय बोलायचा. त्याच येळेला कसा काय बोलला, मला न्हाय कळत." माझ्याकडं तिनं पाहिलं नाही. चार शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले.

या वर्षी थोरल्याच्या मुलीचं लग्न ठरलं. एका सकाळी आम्ही दोघं नाव घेऊन पलीकडच्या काठाला निघालो होतो. गिऱ्हाईक तिकडून चढणार होतं. मध्यावर आल्यावर थोरल्यानं इंजिन मंद केलं.

"काका, एक इचारू? पत्रिका छापायची हाय. त्याचं नाव घालावं का न्हाय? आय रडत्या. पोरगी म्हणत्या, माझा काका हाय. पर मला वाटतं, ज्यानं सगळ्या गावासमोर तुमच्यावर ढकललं, त्याला मांडवात कसं घ्यायचं? तुमी म्हणाल तसं करतो."

मी म्हणालो, "त्यानं मला सांगितलं होतं."

त्याला कळलं नाही. मी पुन्हा म्हणालो. मग गाठीला हात लावला ते, उठलो ते, दुसऱ्या दिवशी तोंड वर आलेलं पाहिलं ते, भाकरी खाल्ली ते, सगळं सांगितलं. तो सुकाणू धरून बसला होता, समोर बघत. पलीकडचा काठ आला, गिऱ्हाईक चढलं, त्यानं त्यांना पक्षी दाखवले, परत आणून सोडलं. नाव बांधली. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "प्लग पुसत हुता?"

"हो."

तो तसाच घरी गेला. संध्याकाळी त्यानं सांगोल्याला फोन लावला. काय बोलले ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "त्यो म्हणतोय, काकांनी हितं धक्क्यावर सांगावं, माणसांत. जितं ते बोललं तितं. मग येतो."

मी तयार होतो. पण धक्क्यावर पोचलो तेव्हा थोरला माझ्या आधी येऊन बसला होता आणि टपरीवर सगळ्यांना सांगून झालं होतं. त्यानं सांगितलं होतं की काकांना भावानं सांगितलं होतं खरं, पण काकांच्या ध्यानातून गेलं. मी तोंड उघडायच्या आत एकानं माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"वय झालं की हुतंच असं, काका. आमच्या आज्ज्याला तर स्वतःचं घर सापडंना."

"तसं नाही," मी म्हणालो.

"बसा वो. किती वर्सं झाली त्याला. च्या घ्या."

"मी विसरलो नव्हतो."

"आता तरी आठवलं, लई झालं," दुसरा म्हणाला, आणि बाकीचे हसले. चांगल्या मनानं हसले. थोरला खाली मान घालून बसला होता. त्यानं ते माझ्यासाठी केलं होतं. माझ्या बायकोच्या अंथरुणाशी जसा बसला होता तसंच. मी त्याच्याकडं पाहिलं आणि चहाचा कप हातात घेतला. पुन्हा एकदा गप्प बसलो.

सांगोल्याला ते पोचलंच. धाकट्यानं भावाला फोनवर सांगितलं, "इसरला म्हणं! मग मी खोटा न्हाय एवढंच झालं. त्यानं काय केलं ते कुटं सांगितलं? न्हाय येत मी."

म्हणून हे लिहायला घेतलं. बोलताना मला माणसं थांबवतात, आणि मीही थांबतो. लिहिताना समोर कुणी खुर्ची ओढत नाही. हे गावातल्या वाचनालयात ठेवायचं, आणि कुणी छापलं तर छापायचंही, असं ठरवलं. पण त्याआधी ज्याच्याबद्दल आहे त्यानं ऐकावं म्हणून थोरल्याच्या फोनवरून सांगोल्याला लावला. थोरला शेजारी बसला होता. मी वर लिहिलं आहे ते सगळं वाचून दाखवलं. टँकर भरत असावा. मागं पाण्याचा आवाज येत होता. मध्ये तो एकदाही बोलला नाही. संपल्यावर मी विचारलं, "ऐकतोयस ना?"

"व्हय."

"यात काही चूक आहे का?"

मग तो म्हणाला, "हाय. मी तुमाला एकदा न्हाय सांगितलं. दोनदा."

मला ते माहीत होतं. लिहिताना आलं होतं ते हाताशी, आणि मी पुढं गेलो होतो.

"ते घाला," तो म्हणाला. "अन मग दादाला म्हणावं पत्रिका छाप."

तर ते इथं घालतो. दुपारी भिंतीवरून वाकून सांगितल्यावर तो मोटारसायकलवर बसून निघाला होता. चढ चढून वरच्या वळणापर्यंत गेला, आणि तिथून परत आला. गाडी बंद केली नाही, उताराच्या वरूनच ओरडला, "काका, तोंडाकडचा दोर आखूड हाय, तेवढाच बघा." मी प्लग पुसायचा थांबलो, वर पाहिलं, आणि त्याला नीट दिसेल असा हात वर करून हो म्हणालो.